वाटी भरलेली होती

मंगळवार, ४ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या मनात पहिली शंका येईल ती अप्पांची. अप्पा आहेत. गच्चीवरच्या जाळीतलं एक पिल्लू गेलंय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला निवांत चिडता येईल, की इतक्या वर्षांनी ताईनं पत्र लिहिलं ते चिमणीच्या निम्म्या आकाराच्या पाखरासाठी.

फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तू तो वाजू देतोस. कागद वाजत नाही. टेबलावर पडून राहतो आणि डाचतो. म्हणून कागद.

अप्पांनी लिहायला सांगितलेलं नाही, ते सांगणारही नाहीत. काल ते पिल्लू तळहातावर घेऊन खाली माझ्या लॉन्ड्रीत आले, इस्त्रीच्या टेबलावर, गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर त्याला ठेवलं आणि म्हणाले, "हे कशानं मेलं, ते एखाद्याला बघताक्षणी कळलं असतं." आपल्या घरात 'एखादा' म्हणजे कोण, ते तुला सांगायला नको. कारखान्यात अख्ख्या खात्यासमोर, तपासनीस म्हणून, त्यांनी तू बनवलेला मालाचा लॉट नापास केला आणि तू त्याच संध्याकाळी बॅग भरून निघालास, तेव्हापासून तुझं नाव या घरात घेतलं जात नाही. पण एखाद्याला थंडी सोसायची नाही. एखाद्याचा हात पाखरांवर हलका होता. एखादा असता तर ही जाळी एवढी गंजली नसती. नाव न घेता माणूस दिवसातून किती वेळा आठवता येतो, ते अप्पांकडून शिकावं.

तर पिल्लू. फिंचचं, याच मोसमातलं. चोच अजून काळीच होती, टोकाला कुठे केशरी व्हायला लागली होती. आईबाप पुढच्या अंड्यांच्या मागे लागले आणि बापानं त्याला जाळीभर हाकलायला सुरुवात केली. टोचून टोचून डोक्यावरची पिसं काढली. म्हणून अप्पांनी त्याला छोट्या पिंजऱ्यात वेगळं काढलं आणि जिन्याच्या वरच्या टोकाला, गच्चीच्या दाराशी टांगलं. (बापानं पोराला हाकललं, यावर मी काही बोलत नाही. बोलले तर म्हणशील ताई टोमणे मारते. मारतेच.) तिथे ते मजेत होतं. दिवसभर त्याची पिपाणी चालायची. आणि काल सकाळी खाली पडलेलं.

आता घरात चौकशी सुरू आहे. आरोपी नंबर एक, शेजारच्या वकीलकाकांचं मांजर. अप्पांनी काकांना गेटवरच गाठलं.

"तुमचं मांजर परवा कुठे होतं?"

"अहो, मांजराचं काय विचारता? मला माझा मुलगा कुठे असतो ते माहीत नसतं!"

यावर अप्पा परत फिरले. वकीलकाकांनी जन्मात एवढ्या लवकर खटला जिंकला नसेल, आणि कशामुळे जिंकला ते त्यांना अजून कळलेलं नाही.

आरोपी नंबर दोन, मी. माझ्या नव्या तव्यामुळे, ज्याला काही चिकटत नाही म्हणतात त्या. तो जास्त तापला की त्याच्या धुरानं पाखरं मरतात, असं अप्पांनी वाचलंय.

"मग जाळीतली बाकीची का नाही मेली?"

"ती लांब आहेत."

"आणि मी? मी तर तव्यावर वाकलेली असते."

"तू काय पाखरू आहेस?"

तवा जप्त झालाय.

मला गंमत सुचतेय असं वाटेल, पण आतून धास्ती आहे. अंगावर जखम नाही, पिंजरा बंद, पाणी होतं, वाटी भरलेली होती. मी स्वतः बघितलीय. मग राहिला तो रोग. रोग असेल तर बाकीची पाखरंही एकेक करून जातील आणि सकाळी उठून गच्चीवर जायला अप्पांना काही कारण उरणार नाही. आई गेल्यापासून त्यांना उठायला तेवढंच एक कारण आहे. तुला काय वाटतं, ते लिही. दोन ओळी लिही. त्यांना नको लिहूस, मला लिही. मी एखाद्याचं नाव सांगणार नाही.

तुझी ताई


शनिवार, ८ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

उत्तर नाही. ठीक आहे, टपालाला वेळ लागतो, आणि तुला त्याहून जास्त.

मी पिल्लाला बटणांच्या डबीत घालून पाखरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. तोवर डबी फ्रिजमध्ये होती, दुधाच्या पातेल्याशेजारी. अप्पांनी दोन दिवस कोरा चहा घेतला. म्हणे सवय बदलावी.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलायला कडक. त्यांनी मला बाहेर बसवलं आणि मग आत बोलावून एका ओळीत निकाल दिला. "रोग नाही, विष नाही, मार नाही. पोटात एक दाणा नाही. हे छातीचं हाड बघा, सुरीसारखं वर आलंय. उपाशी मेलंय हे."

"अहो, शक्य नाही. वाटी भरलेली होती."

"मग खाल्लं का नाही, ते तुम्ही शोधा. पाखरू माझ्याशी खोटं बोलत नाही. आणणारे बोलतात."

मला राग आला, पण वाक्य आवडलं. कपड्यांचंही तेच असतं. गिऱ्हाईक सांगतं, चहा सांडला. डाग सांगतो, चहा नव्हता.

घरी येऊन अप्पांना सांगितलं. वाटलं होतं, पेटून उठतील, डॉक्टरीणबाईंना फोन लावतील, पुरावा मागतील. जन्मभर ज्यांनी कारण लिहिल्याशिवाय एक स्क्रू नापास केला नाही, ते. पण ते खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "थंडीनं गेलं असेल. लहान होतं."

"थंडी कुठाय अप्पा? मी पंखा लावून झोपते."

"झालं ना आता? पाखरूच होतं. सोड विषय."

आणि चौकशी बंद! मांजर निर्दोष, तवा परत. बारक्या, मला हे पटलेलं नाही. "डाग कशाचा हो?" असं विचारल्यावर जो माणूस घाईघाईनं "राहू द्या, निघेल तेवढा काढा" म्हणतो ना, त्याला डाग कशाचा ते पक्कं ठाऊक असतं.

ते काहीतरी लपवतायत. काय, ते कळत नाही. हल्ली ते सकाळी एकदाच वर जातात, तेही मध्ये जिन्यावर थांबत, कठड्याचा रंग बघत असल्यासारखे. त्या कठड्याला बघण्यासारखं काही नाही. संध्याकाळची फेरी त्यांनी माझ्यावर टाकलीय. मी वर गेले की खालून ओरडून विचारायचे, "छोट्याची वाटी भरलेली आहे ना?" आणि मी वरून ओरडायची, "आहे!"

म्हणजे आम्ही दोघांनी रोज बघितलं. आणि ते उपाशी मेलं. तुला काही सुचतंय का? या घरात पाखरांमधलं कळणारी दोनच माणसं होती. एक बोलत नाही आणि दुसरा लिहीत नाही.

तुझी ताई


रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. "वाटी फुंकून बघितलीस का?" बस. वर मायना नाही, खाली सही नाही, ताई कशी आहेस नाही. इतक्या वर्षांचा हिशोब एका ओळीत चुकता केलास. मी ते वाचलं, आधी चिडले आणि मग वर गेले.

पिंजरा अजून तिथेच टांगलेला होता. कुणी हात लावला नव्हता. वाटी बाहेर काढली. भरलेली. शिगोशीग. तोंडाजवळ धरली आणि फुंकली.

सगळं उडालं, रे. सगळं. माझ्या केसांत, डोळ्यांत, जिन्यावर. खाली नुसतं वाटीचं बूड. एक दाणा नाही. सगळी फोलं.

तुला हे नवीन नाही, मला होतं. पाखरू दाणा सोलतं, आतलं खातं आणि फोल तिथेच वाटीत टाकतं. वरून बघावं तर वाटी भरलेलीच. मोठ्या जाळीत निभावतं, कारण तिथे खाली सांडलेलं असतं, टिपून खाता येतं. छोट्या पिंजऱ्याला ती सोय नाही. आणि एवढ्याशा जिवाला उपास काय माहीत? एक दिवस पोटात दाणा नाही की संपलं. ते पोर भरल्या ताटावर बसून भुकेनं गेलं, आणि मी त्याच्या डोक्यावर उभी राहून खाली ओरडत होते, "आहे!"

मी जिन्यावर बसून राहिले. मग आठवलं, वाटी फुंकायला तुला शिकवलं कुणी? अप्पांनीच. "वाटी डोळ्यानं बघायची नसते, फुंकरीनं बघायची." तू मला चिडवायला माझ्या भाजीच्या ताटलीवरही फुंकायचास. मग तेच कसे विसरले?

फोलं गोळा करून परत वाटीत भरली आणि खाली गेले.

"अप्पा, ही वाटी फुंका."

"कशाला?"

"फुंका म्हणते ना."

माझ्याकडे बघितलं. वाटीकडे बघितलं. मग शाळेत फळ्यापाशी बोलावलेल्या पोरासारखी त्यांनी ती हातात घेतली, तोंडाशी नेली. ओठांचा चंबू केला. फुंकर आली ती ओठांपर्यंतच. वरचं एक फोल जरासं हललं आणि तिथेच बसलं. मग खोकला. बारक्या, तो खोकला मी याआधी ऐकला नव्हता. म्हणजे त्यांनी मला ऐकू दिला नव्हता. नळ सोडून, रेडिओ मोठा करून, कसंकसं करून.

थांबल्यावर म्हणाले, "झालं समाधान?"

"कधीपासून आहे हे?"

"काय कधीपासून? म्हातारपण? जन्मल्यापासून."

"अप्पा."

"उन्हाळ्यापासून," ते म्हणाले. "आणि हे बघ, एखाद्याला यातलं एक अक्षर कळवायचं नाही. तो दयेपोटी येईल. दयेपोटी आलेला मला नको. शब्द दे."

मी शब्द दिला. दुसरं काय करणार होते? बोलताना त्यांचे खांदे वर जात होते. अशा माणसाशी वाद घालता येत नाही. त्याची बाजू आपणच मांडायला लागतो.

तर मी तुला काहीही कळवत नाहीये. तू वाटीबद्दल विचारलंस, मी वाटीबद्दल लिहिलं. आम्ही माणसांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो, छातीचे फोटो काढले, त्यात काय दिसलं ते मी लिहिणार नाही. डॉक्टर बोलताना टेबलावरच्या पेनाकडे बघत होते, हेही लिहिणार नाही. पाखरांची बातमी एवढीच, की ती आता माझ्याकडे आहेत. अप्पांना गच्चीचा जिना बंद झालाय. खिडकीशी खुर्ची टाकून दिलीय, तिथून पाखरं दिसत नाहीत, पण ऐकू येतात. मी वर असले की ते खालून ओरडत नाहीत. हाताची टाळी वाजवतात. मी फुंकते आणि ओरडते, "फुंकली!"

मागच्या दाराची कडी मोडलीय. ढकललं की उघडतं. ही तक्रार आहे, आमंत्रण समजू नये.

तुझी ताई


सोमवार, १ डिसेंबर

प्रिय बारक्या,

पोचलास ना नीट? तू आलास, राहिलास, जाळीचा गंज घासून तिला रंग दिलास, याबद्दल आभार मानत नाही. तुला आवडणार नाही, मला जमणार नाही. शिवाय नवा रंग वाळेपर्यंत सगळी पाखरं माझ्या लॉन्ड्रीत ठेवलीस, त्यामुळे तीन गिऱ्हाइकांचे कोट परत धुवावे लागले. ते जाऊ दे.

लिहायचं वेगळंच आहे. तू आल्याच्या तिसऱ्या दुपारी तुम्हाला वाटलं मी खाली कपडे मोजतेय. मी दाराआड होते. ऐकू नये ते ऐकलं, सगळं ऐकलं. पहिले दोन दिवस तुम्ही पाखरांना राळे की बाजरी यापलीकडे गेला नव्हतात. दोन राजदूत बसावेत तसे बसला होतात. आणि मग अप्पाच म्हणाले, मध्येच, खिडकीकडे बघत:

"ते पिल्लू माझ्यामुळे गेलं."

"थंडीनं गेलं असेल, अप्पा."

"थंडी नव्हती."

"वर गच्चीत वारा असतो."

"इथे मी राहतो की तू? थंडी नव्हती म्हणतो ना. फोलं होती वाटीत. मला फुंकता येईना. ताईला सांगायला पाहिजे होतं, की तू फुंक. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, तुम्ही का नाही फुंकत? ते लपवायला गेलो आणि ते पोर मेलं. चूक माझी."

"होतं असं कधीकधी."

"होत नाही. मी केलं."

"बरं. अर्धी तुमची, अर्धी ताईची. तिनं तरी बघायला हवं होतं."

"तिला मध्ये आणू नकोस."

"मग थंडीच!"

"अरे थंडी नाही! किती वेळा सांगू?"

आणि खोकला. तू उठून पाणी दिलंस, ते तुझ्या मनगटाला धरून प्यायले. मनगट मग सोडलं नाही बराच वेळ, तूही काढून घेतलं नाहीस. दाराआडून एवढंच दिसत होतं, तुझं मनगट आणि त्यांची बोटं.

आपल्या घरात चूक नेहमी तापल्या भांड्यासारखी फिरायची. ज्याच्या हातात येईल तो दुसऱ्याकडे ढकलायचा. आणि इथे दोघं बसलेत, एक म्हणतोय माझी, दुसरा म्हणतोय तुमची नाहीच. मला हसू आलं. हातात कुणाचा तरी धुतलेला टॉवेल होता, तो तोंडाशी धरला. नंतर तोही परत धुवावा लागला, पण हसण्यामुळे नाही.

एक विचारते, उत्तर देऊ नकोस. तू इतक्या हट्टानं थंडी, थंडी का करत होतास? फोलांचं तर तूच मला लिहिलं होतंस. त्यांना वाचवायला? की "चूक माझी" हे दोन शब्द ऐकायला तू इतकी वर्षं थांबला होतास, आणि ते एका पाखराच्या नावावर खर्च होताना तुला बघवत नव्हतं?

मला यातलं दुसरं वाटतं. पण मी ताई आहे, मला काहीही वाटू शकतं.

रजा संपली म्हणून तू निघालास. लॉटचा विषय त्यांनी काढला नाही, तू काढला नाहीस. दारात अप्पा म्हणाले, "गाडीत दाराशी उभा राहू नकोस." तू म्हणालास, "नाही राहत." माझ्या मनात आलं, चला, एवढं झालं हेही खूप झालं. काही घरांत एवढंही होत नाही.

पण काल सकाळी मी त्यांची उशी बदलत होते. श्वासासाठी हवेचं यंत्र तू असतानाच आणलं होतं. आता ते काढता येत नाही, जेवतानाही नाही. त्यांनी नळी बाजूला केली आणि म्हणाले, "त्या लॉटचं…"

मी उशी धरून उभी राहिले. त्यांनी श्वास घेतला.

"मी वापरलेलं गेज…"

पुन्हा थांबले. नळी लावली, काढली. तोंड उघडलं, पण शब्दांच्या आधी खोकला आला. तो गेला तेव्हा ते घामानं भिजले होते. मी म्हटलं, "अप्पा, मला सांगा. सावकाश सांगा, दिवसभर सांगा. मी लिहून कळवते त्याला."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"का? माझं अक्षर वाईट आहे?"

"तुला नाही," ते म्हणाले. "त्याला."

लेथ काय आणि गेज काय, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. गेज म्हणजे ज्यानं तुमची मापं तपासतात ते, एवढंच माहीत आहे. त्या वाक्याच्या पुढे काय असेल, ते तुला कळलं असेल. मलाही रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं, की नापास व्हायला हवं होतं ते गेज. अप्पा निवृत्त झाले त्या निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं होतं, की स्वतःच्या मुलाचा माल नापास करणारा असा तपासनीस पुन्हा होणे नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि अप्पा घरी येऊन जेवले नाहीत. आई म्हणाली होती, ॲसिडिटी. इतकी वर्षं आम्ही ते ॲसिडिटीच समजत होतो.

पण आपल्याला कळून भागत नाही, बारक्या. ते त्यांना म्हणायचंय, पूर्ण, आणि तुझ्या तोंडावर. परवापर्यंत एका दमात सात-आठ शब्द निघायचे. काल तीन. डॉक्टर आता पेनाकडेही बघत नाहीत, सरळ माझ्याकडे बघतात. तू म्हणाला होतास पुढच्या महिन्यात जमवतो. पुढचा महिना आज लागला.

मी दिलेला शब्द मोडतेय. ये. दयेपोटी ये, रागानं ये, भांडायला ये, कसाही ये. रजा देत नसतील तर न विचारता ये.

सकाळी उठल्यावर थोडा वेळ त्यांना बरं असतं, तेवढ्यात ते वाक्य होईल. सकाळी पोचेल अशी गाडी धर.

ताई